पालीने शहराशी जुळवून घेतले काय?

गेल्या पावसाळ्यात परभणीजवळच्या एका शाळेत सामानाच्या खोलीतून साप निघाला. मोडक्या बाकांच्या मागून तो भिंतीवर चढत होता. अंगावर पांढरट पट्टे. 'मण्यार, मण्यार' असा ओरडा झाला आणि पाच मिनिटांत साप मेला. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारले, "सर, साप शाळेत कशाला आला?" उत्तर मिळाले ते असे: रान कमी झाले, त्यामुळे सापांनी माणसाच्या वस्तीत राहण्याशी जुळवून घेतले आहे, यालाच अनुकूलन म्हणतात. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. त्यातली एक वही आमच्या पाहण्यात आली, म्हणून हा लेख.

मेलेला साप मण्यार नव्हता, कवड्या होता, हे नंतर छायाचित्रावरून कळले. ही झाली पहिली चूक. वहीतले वाक्य ही दुसरी. पहिली चूक सापाच्या जिवावर बेतली. दुसरी निरुपद्रवी वाटते, पण ती तशी नाही असे आमचे मत आहे आणि ते येथे मांडून पाहतो.

हीच कल्पना फार नीटनेटक्या रूपात आम्हाला एका पुस्तकात भेटली. डच जीवशास्त्रज्ञ मेनो स्खिल्टहाउझन यांचे 'डार्विन कम्स टु टाउन' हे इंग्रजी पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. शहर म्हणजे निसर्गाचा नुसता अंत नव्हे, तेथे उत्क्रांती चालू आहे आणि तीही आपल्या डोळ्यांसमोर घडण्याइतकी वेगाने, हा त्याचा विषय. लेखकाची हातोटी उत्तम आहे. रस्त्यावरचे फुटकळ निरीक्षण तो अशा रीतीने सांगतो की वाचणारा खिडकीबाहेर बघू लागतो. विज्ञानाच्या शिक्षकाने जरूर वाचावे असे हे पुस्तक आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे आम्ही त्याच्याशी भांडणार आहोत.

भांडण्याची जागाही सांगतो. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' या म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, असे मानतात. आम्ही म्हणतो ते परभणी तालुक्यातले, परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. काळ्या जमिनीतले गाव. त्याला शहर कोणी म्हणणार नाही. पण सिमेंटची भिंत, गिलावा, नळीचा दिवा, पक्की नाली, डांबरी सडक, म्हणजे शहर ज्या वस्तूंचे बनते त्या वस्तू मराठवाड्यातल्या अशा गावांत येऊन पोचल्या आहेत आणि त्यांच्या शेजारीच कडब्याची गंजी आणि उकिरडाही आहे. स्खिल्टहाउझन यांचे शहर बहुतांशी युरोप, अमेरिका आणि जपानकडचे, बागांचे आणि भुयारी रेल्वेचे आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने मात्र अर्धे गाव नि अर्धे शहर अशी जागाच जास्त बोलकी आहे. दोन्ही तऱ्हेची घरे एका हाकेच्या अंतरावर सापडतात.

आता भांडणाचा मुद्दा. पुस्तकाच्या परिचयात तीन उदाहरणे एका दमात येतात. जपानमधल्या सेंदाई शहरातले कावळे अक्रोड रस्त्यावर टाकून मोटारींच्या चाकांखाली फोडून घेतात. युरोपातल्या शहरांतले ब्लॅकबर्ड नावाचे पक्षी रहदारीच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून वरच्या पट्टीत गातात. आणि पोर्तो रिको बेटावरच्या सरड्यांचे पाय काँक्रीटवर अधिक चांगली पकड घेण्याच्या दिशेने बदलत आहेत. वाचताना तिन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. तसे ते नाहीत. कावळ्याची युक्ती ही शिकलेली गोष्ट आहे. कावळा मेला की युक्ती त्याच्या अंड्यात उतरत नाही, दुसऱ्या कावळ्याने ती पाहून शिकावी लागते. सरड्याचे पाय ही पिढीजात गोष्ट. पक्ष्याचा वरचा सूर या दोहोंपैकी कशात घालायचा हे नुसते ऐकून ठरत नाही. लेखक स्वतः जाणकार आहे, त्याला हा फरक पक्का ठाऊक आहे आणि पुस्तकात तो जागोजागी सांगतोही. पण मुखपृष्ठावर डार्विनचे नाव आहे आणि वाचकाच्या डोक्यात उरते ते मुखपृष्ठ. येथे लेखकाने थोडे वेड पांघरले आहे असे आम्हाला वाटते.

मराठीत तर ही अडचण दुप्पट होते, कारण आपले क्रियापदच 'जुळवून घेणे' हे आहे. सून सासरी जुळवून घेते, नोकरदार बदलीच्या गावी जुळवून घेतो. जुळवून घेणाऱ्याला परिस्थिती कळते, तो मनाशी काही ठरवतो आणि आपले वागणे बदलतो. हे सगळे एका माणसाच्या एका आयुष्यात होते. पाल म्हणजे सासरी आलेली सून नव्हे. उत्क्रांतीच्या अर्थाने अनुकूलन एका पालीत कधीच होत नाही. ते पालींच्या पिढ्यांत होते, आणि तेही कोणी काही ठरवल्यामुळे नव्हे, तर काहींची पिले जगतात आणि काहींची जगत नाहीत म्हणून. 'उंटाने वाळवंटाशी जुळवून घेतले' असे सांगून आपण पाठ पुढे नेतो तेव्हा मुलांच्या मनात एक विचारी उंट उभा राहतो. मग दहावीला नैसर्गिक निवड शिकवताना त्याच उंटाला हुसकावून लावण्यात तास जातो.

पालीचेच उदाहरण घेऊ, कारण वस्तीत राहणारा सर्वांत यशस्वी सरपटणारा प्राणी तीच. गुळगुळीत भिंतीवर, छतावर उलटी चालणारी पाल पाहून कोणालाही वाटेल की हा प्राणी घरासाठीच घडला आहे. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो शाखांत फुटलेले असते. ही टोके पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंतील अतिशय क्षीण आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, ते एकत्र होऊन पालीचे वजन पेलते. ही गोष्ट २००२ साली प्रयोगाने पक्की झाली. पण हे पाय आहेत किती जुने? म्यानमारमध्ये सापडलेल्या, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेल्या एका पालीच्या पायावर या पट्ट्या स्पष्ट दिसतात. तिचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. १० कोटी वर्षांपूर्वी भिंत नव्हती, घर नव्हते, माणूस नव्हता. झाडाची साल होती आणि खडक होता. गिलावा केलेली भिंत ही पालीच्या दृष्टीने एक बरा खडक आहे, इतकेच. पाल भिंतीसाठी बदललेली नाही. आपण बांधलेली वस्तू तिच्या जुन्या पायांना सोयीची निघाली.

एका कामासाठी घडलेला अवयव पुढे दुसऱ्याच कामी येणे, यासाठी स्टीफन जे गूल्ड आणि एलिझाबेथ व्हर्बा यांनी १९८२ साली एक वेगळी संज्ञा सुचवली होती. मराठीत आपण 'पूर्वतयारी' म्हटले तरी चालेल. अर्थात तयारी कोणी केली नव्हती, हे पुन्हा सांगावे लागेलच. भाषेचा हा काच काही सुटत नाही.

पालीच्या पायांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, तिच्या अंड्याकडे जात नाही. आमच्या मते शहरात कोण राहील हे ठरवण्यात अंड्याचा वाटा पायाइतकाच मोठा आहे. घरातली पाल बहुधा दोनच अंडी घालते. ती पांढरी, वाटोळी आणि कडक कवचाची असतात. मीटरच्या पेटीमागे, तसबिरीमागे, भिंतीच्या फटीत ती सुरक्षित राहतात. कडक कवचामुळे कोरड्या जागीही आतला ओलावा टिकून राहतो. आता अंगणातला सरडा पाहा. कुंपणावर मान हलवत बसणारा, विणीच्या दिवसांत लाल होणारा. त्याची मादी मऊ कातडी कवचाची डझनभर किंवा जास्त अंडी घालते आणि ती घालण्यासाठी तिला भुसभुशीत, किंचित ओली माती लागते. खड्डा उकरायचा, अंडी घालायची, माती लोटून वरून दाबून टाकायची, अशी तिची रीत. अंगणात फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवले की मोठ्या सरड्याला काहीच त्रास होत नाही. कुंपण तेच, मुंग्या त्याच. फक्त अंडी घालायला जागा राहात नाही. काही वर्षे सरडे दिसत राहतात आणि मग दिसेनासे होतात. नेमके कधी, ते कोणाच्या ध्यानात येत नाही. एकाच अंगणातले हे दोन प्राणी. एकाने जुळवून घेतले आणि दुसऱ्याला ते साधले नाही, असे म्हणण्यात काय अर्थ आहे? एकाचे अंडे फटीत टिकणारे होते, दुसऱ्याचे मातीत. शहर ही येथे शाळा नसून चाळण आहे. चाळणीवर राहिलेल्या दाण्यांनी काही शिकलेले नसते.

चाळणीची कल्पना धरली म्हणजे सापांचाही उलगडा होतो. जुने लोक रानाला काळी म्हणत आणि गावठाणाला पांढरी. काळ्या मातीतल्या विशिष्ट चिकणमातीमुळे ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात; परभणीकडच्या उन्हात, पारा चाळिशीच्या वर असताना, या भेगा म्हणजे उंदरांना, बेडकांना आणि सापांना फुकट मिळालेली तळघरे. पहिले दोन मोठे पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरते. तळघरांतले भाडेकरू एकदम बाहेर पडतात. जवळची कोरडी, उंचावरची, फटींची जागा कोणती? पांढरी. तिथे दगडमातीच्या जुन्या भिंती आहेत, कणग्या आहेत, धान्य आहे, म्हणून उंदीर आहेत. जून-जुलैत गावात साप 'येतात' ते असे. ते जुळवून घेत नाहीत. त्यांच्या घरात पाणी शिरले आहे. नाग आणि धामण उंदरांमागे येतात. गावाचे शहर झाले तरी धान्याची गोदामे आणि उघडा कचरा राहतोच आणि उंदीर आहेत तोवर त्यांना आमंत्रण कायम आहे. घोणस उंदरांवर जगते आणि अंडी न घालता थेट पिले घालते. सरड्याच्या मादीची अडचण तिला येत नाही.

कवड्याची गोष्ट यापेक्षा मजेदार आहे. तो निशाचर, सडपातळ, बिनविषारी आणि भिंतीवर चढण्यात तरबेज. त्याचे आवडते खाद्य पाल. पाल दिव्याजवळ येते, कारण दिव्याजवळ किडे येतात. दिवा आपण लावतो. म्हणजे गावात वीज आली आणि प्रत्येक ओसरीवर रात्रीचे एक अन्नछत्र उघडले गेले. त्याच्या पंगतीला आधी किडे बसले, किड्यांवर पाल आणि पालीवर कवड्या. यात कवड्याने नवे काय केले? काहीच नाही. फटीत राहणे, रात्री हिंडणे आणि पाली खाणे हे तो कड्याकपारीत करीतच होता.

येथे शिक्षकांच्या उपयोगाचे म्हणून थोडे विषयांतर. कवड्याचे पट्टे मानेकडे रुंद आणि ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्याराचे उलट: त्याच्या काळ्या चकचकीत अंगावर बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, मानेजवळ फिके किंवा मुळीच नाहीत, शेपटीकडे ठळक. मण्याराच्या पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे व षटकोनी असतात. हे छायाचित्रावरून मुलांना दाखवावे. समोर साप असताना पट्टे मोजायला कोणीही जवळ जाऊ नये. कवड्याला मण्यार समजल्याने एक साप मरतो, पण मण्याराला कवड्या समजल्याने माणूस मरतो.

पूर्वतयारीचा कळस पाहायचा तर वाळ्याकडे पाहावे. न्हाणीत, कुंडीखाली, पावसाळ्यात ओल्या फरशीवर वळवळणारा हा वीतभर, काळपट, गांडुळासारखा साप. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिले खाणारा, पूर्ण निरुपद्रवी. जगात जितक्या दूरवर हा पसरला आहे तितका दुसरा कोणताही जमिनीवरचा साप पसरलेला नाही. कुंड्यांतल्या मातीतून प्रवास करीत तो खंडोखंडी पोचला. याचे रहस्य असे की या जातीत नर नसतातच. मादी नराशिवाय अंडी घालते. एका कुंडीतून एकटा वाळा उतरला तरी वसाहत उभी राहते. ही सोय कुंड्यांच्या व्यापारासाठी निर्माण झाली, असे म्हणण्याचे धाडस तर कोणी करणार नाही.

मग शहरामुळे सरपटणारे प्राणी खरोखर बदलतात की नाही? बदलतात, आणि याबाबतीत स्खिल्टहाउझन यांचे पोर्तो रिकोचे उदाहरण अस्सल आहे. तेथील शहरांतले तुऱ्याचे सरडे क्रिस्टिन विंचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. रानातल्या त्याच जातीच्या सरड्यांपेक्षा शहरी सरड्यांचे पाय लांब होते आणि बोटांखालच्या पट्ट्या संख्येने जास्त होत्या. इथवर आपल्यापैकी कोणीही थांबले असते. त्या थांबल्या नाहीत. शहरी आणि रानातल्या माद्यांची पिले त्यांनी प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत वाढवली. भिंतीवर चढून चढून पाय लांब होत असतील तर या पिलांत फरक दिसायला नको होता. फरक दिसला. म्हणजे तो पिढीजात होता. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२३ मध्ये त्याच सरड्यांच्या जनुकांतही शहरी जीवनाच्या खुणा दाखवल्या गेल्या. एक शब्द वापरण्याचा हक्क मिळवायला इतके काम करावे लागते. स्खिल्टहाउझन यांच्या पुस्तकात हा सरडा इतर गमतीजमतींच्या गर्दीत येतो. आमच्या मते त्याला स्वतंत्र प्रकरण हवे होते आणि त्यात निष्कर्षापेक्षा रीत अधिक सांगायला हवी होती.

रीत का महत्त्वाची, हे बंगळूरचे एक उदाहरण दाखवते. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी खडकांवर राहणाऱ्या सरड्यांची परीक्षा घेतली. धोका आला की दोनपैकी कोणती लपण्याची जागा सुरक्षित, हे त्यांनी शिकायचे होते. शहरालगतचे सरडे गावाकडच्या सरड्यांपेक्षा लवकर शिकले. २०१९ साली हे प्रसिद्ध झाले. निरीक्षण एकच, पण अर्थ किती निघतात? शहरालगतचे सरडे पिढ्यान् पिढ्या तल्लख होत आले असतील. किंवा प्रत्येक सरडा गजबजाटात वाढताना तल्लख झाला असेल. किंवा मंद सरडे केव्हाच मेले आणि परीक्षेला उरले तेच हुशार. तिसऱ्या शक्यतेत कोणीही बदललेले नाही, फक्त पट कमी झाला. (निकालाची टक्केवारी वाढवण्याची ही पद्धत शिक्षकांना अपरिचित नसावी.) नववी-दहावीच्या मुलांपुढे हे तीन अर्थ ठेवावेत आणि कोणता खरा हे ओळखायला कोणता प्रयोग कराल, असे विचारावे. पोर्तो रिकोचा प्रयोग आधी सांगितला असेल तर वर्गातली दोन-तीन मुले तरी तिथवर पोचतील.

पुस्तकातल्या एका लाडक्या उदाहरणाचे पुढे काय झाले, तेही येथे सांगितले पाहिजे. लंडनच्या भुयारी रेल्वेत एक डास राहतो. तो जमिनीवरच्या भाईबंदांशी सहसा संकर करीत नाही, माणसांना चावतो, हिवाळ्यात झोपत नाही. भुयारे खणल्यावर शे-दीडशे वर्षांत तेथेच हा वेगळा झाला, अशी कथा १९९९ पासून प्रसिद्ध होती आणि शहरी उत्क्रांतीचा नमुना म्हणून सर्वत्र सांगितली जात होती. २०२५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने तिला धक्का दिला. हा डास हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, भूमध्य समुद्र आणि मध्यपूर्वेच्या प्रदेशात, शेती करणाऱ्या माणसांच्या वस्त्यांलगत वेगळा झालेला होता. लंडनच्या भुयारात तो आयता आला. २०१८ च्या लेखकाला २०२५ चा निष्कर्ष माहीत नव्हता हा त्याचा दोष नव्हे. पण १० कोटी वर्षांपूर्वीची पाल जे सांगते तेच हा डासही सांगतो: नवी जागा व्यापणारा प्राणी पाहिला की आधी त्याचा जुना पत्ता शोधावा.

उलट बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पेडगावसारख्या गावात सिमेंट आणि वीज येऊन समजा पन्नास वर्षे झाली. वर्षभरात वयात येणाऱ्या पालीच्या या काळात पन्नासेक पिढ्या झाल्या. नागाच्या पिढीला तीन वर्षे धरली तर सोळा-सतरा. हे आकडे कमी वाटतात. परंतु इंग्लंडात मँचेस्टरजवळ काळ्या रंगाचा पतंग पहिल्यांदा १८४८ मध्ये आढळला आणि १८९५ पर्यंत तेथील शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे होते. वर्षाला एक पिढी धरली तर हे सत्तेचाळीस पिढ्यांचे काम. म्हणजे निवड कठोर असेल तर पन्नास पिढ्या पुरतात. पाली बदललेल्या असू शकत नाहीत असा आमचा आग्रह मुळीच नाही. बदल झाला असे म्हणणाऱ्याने तो दाखवावा, एवढेच.

आणि काही वेळा जुनी सवय नव्या जागी घात करते, हेही या विषयावरच्या उत्साही लेखनात कमी येते. सूर्य मावळल्यावर माती लवकर निवते, डांबरी रस्ता उशिरा. शरीराची ऊब बाहेरून मिळवणाऱ्या सापाला ऊन नसताना गरम खडक शोधण्याची उपजत ओढ असते. परभणीकडे हिवाळ्यात पारा कधी चार-पाच अंशांपर्यंतही उतरतो. पावसाळ्याच्या अखेरीस आणि थंडीच्या तोंडावर रात्रीचा रस्ता हा सापाला फार चांगला खडक वाटतो. सकाळी त्यावर काय दिसते, ते एसटीने जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

आकाराने मोठा प्राणी घेतला तरी चित्र तेच. गायकवाडांच्या बडोद्यातून विश्वामित्री नदी वाहते आणि त्या शहरी, सांडपाण्याने भरलेल्या पात्रात शेकडो मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी वस्तीत शिरली तेव्हा तीन दिवसांत दोन डझन मगरी वस्त्यांतून पकडून हलवाव्या लागल्या. मगरींनी शहराशी जुळवून घेतले, अशी भाषा तेव्हाही झाली. मगर मातीच्या काठात बीळ खणते आणि मातीतच अंडी घालते. विश्वामित्रीचे मातीचे काठ बऱ्याच भागात शिल्लक आहेत, म्हणून मगर आहे. ते काठ काँक्रीटने बांधले तर अंगणातल्या सरड्याचे झाले तेच मगरीचे होईल.

एखाद्या शब्दावरून इतकी चिकित्सा कशाला, असे काही वाचक म्हणतील. सर्पदंशामुळे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जो कृती-आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातल्या वायनाड जिल्ह्यातील एका शाळेत पाचवीतल्या मुलीला वर्गात बसलेली असताना साप चावला आणि ती दगावली. वर्गाच्या जमिनीला भोक होते.

'सापाने जुळवून घेतले' असे म्हटले की जबाबदारी सापाकडे जाते. साप बदलला, धीट झाला, आता तो वस्तीत राहणारच. मग उपाय उरतो तो काठीचा. तो का आला असे विचारले की नजर भोकाकडे जाते, धान्याकडे, दाराखालच्या फटीकडे, भिंतीला टेकून रचलेल्या सरपणाकडे. मण्यार झोपलेल्या माणसाला चावतो, तो माणसाच्या सवयी शिकला म्हणून नव्हे. तो रात्री जमिनीवर भक्ष्य शोधत हिंडतो आणि माणूस जमिनीवर झोपलेला असतो. त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. येथे बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी कामी येते, कारण सापाचे वागणे जसे होते तसेच आहे. ते खरोखर दरवर्षी बदलत असते तर आपली पंचाईत झाली असती.

वर्गासाठी एक काम सुचवतो. मुलांनी आपापल्या घरी आणि शाळेत रात्री दिव्याजवळच्या पाली मोजाव्यात, महिनाभर, ठरावीक वेळी, आणि दिवा जुन्या नळीचा आहे की नव्या एलईडीचा, तेही लिहावे. एलईडीच्या प्रकाशात अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्याकडे किडे सहसा कमी येतात. पालींच्या संख्येत फरक पडतो का ते दिसेल. फरक पडला तर पुढचा प्रश्न असा की पाली कमी झाल्या की दुसरीकडे गेल्या. अंगणे दोन तऱ्हेची निवडावीत, मातीची आणि फरशीची, आणि सरडे मोजावेत. सापांच्या जवळपास जाण्याचे काही काम यात नाही आणि नसावे.

ज्या वहीपासून सुरुवात केली तिच्यातले वाक्य आम्ही त्या शाळेतल्या मित्राबरोबर बसून पुन्हा लिहून पाहिले. दिव्याजवळ किडे आले, किड्यांसाठी पाल आली, पालीमागे कवड्या आला. त्याला आत यायला दाराखाली दोन बोटांची फट होती आणि लपायला मोडकी बाके होती. पाठ करायला हे गैरसोयीचे आहे आणि परीक्षेत त्याला गुण किती द्यावेत यावर आमचे एकमत झाले नाही. बाके नंतर हलवली. दाराला खालून पट्टी मारायची राहिली आहे.